‘चौघीजणी’ लिहिणारी बहीण : लुइसा मे अल्कॉट

आपल्यापैकी पुष्कळजणींनी ‘चौघीजणी’ हे पुस्तक वाचले असेल. शान्ताबाई शेळके यांनी ते मराठीत आणले, आणि त्यातल्या मेग, ज्यो, बेथ व एमी या चार बहिणी आपल्याच आळीत राहणाऱ्या वाटाव्यात इतक्या आपल्या झाल्या. मूळ इंग्रजी पुस्तकाचे नाव ‘लिटल विमेन’. अमेरिकेतील लुइसा मे अल्कॉट या लेखिकेने ते लिहिले. या पुस्तकातली तिसरी बहीण बेथ मरण पावते. वाचताना आपण डोळे पुसतो आणि पान उलटतो. पण जिने हे लिहिले तिने स्वतः काय सोसले होते, ते फार थोड्यांना ठाऊक असते. तेच आज थोडक्यात सांगावे असे मनात आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, विद्वत्तेचे लिहिणे माझ्या हातून व्हायचे नाही. परंतु बहिणीची माया कळायला शाळा लागत नाही, एवढ्याच भरवशावर हे धाडस करीत आहे.

लुइसाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील जर्मनटाउन येथे झाला. वडिलांचे नाव ब्रॉन्सन अल्कॉट आणि आईचे अबिगेल. थोरली ॲना, तिच्या पाठची लुइसा, १८३५ साली झालेली तिसरी एलिझाबेथ आणि १८४० साली झालेले शेंडेफळ मे, अशा या चौघी. एलिझाबेथला घरात लिझी म्हणत. ती शांत, लाजाळू, गाण्याबजावण्याची आवड असलेली. लुइसा मात्र दांडगट, तापट आणि झाडावर चढणारी. आई तिचा राग ओळखून होती, कारण तोच राग आईच्याही अंगात होता.

वडील मोठे तत्त्वचिंतक, पण व्यवहार त्यांना कधीच जमला नाही. मुलांना मारू नये, प्रश्न विचारून शिकवावे, हे त्यांनी त्या काळी आपल्या शाळेत करून दाखविले. पुढे एका काळ्या मुलीला त्यांनी शाळेत घेतले, तेव्हा इतर पालकांनी आपली मुले काढून घेतली आणि १८३९ साली शाळा बंद पडली. १८४३ साली त्यांनी ‘फ्रूटलँड्स’ नावाची वसाहत काढली. तेथे मांस नाही, दूध नाही, नांगराला बैल नाही. कापूस गुलामांच्या कष्टाचा म्हणून सुती कापड नाही, आणि लोकर मेंढीची म्हणून लोकरही नाही. विचार थोर होते, पण थंडीला विचारांचे पांघरूण पुरत नाही. सात-आठ महिन्यांत वसाहत मोडली. या साऱ्यात चुलीची काळजी अबिगेलबाईंना. दहा वर्षांच्या लुइसाने ते पाहिले, आणि मोठेपणी आईला सुखात ठेवीन असे मनाशी धरले.

मग तिने मिळेल ते काम केले. शिवणकाम केले, मुलांना शिकविले, आणि १८५१ साली एका घरी कामवाली म्हणूनही राहिली. तेथे सात आठवडे राबून हाती पडले अवघे चार डॉलर. रात्री ती गोष्टी लिही आणि मासिकांना पाठवी. तिचे पहिले पुस्तक, परीकथांचे, १८५४ च्या अखेरीस निघाले.

त्यानंतरचे वर्ष-दोन वर्षे कुटुंब न्यू हॅम्पशायरमधील वॉलपोल या गावी होते. तेथे १८५६ साली एका गरीब घरातली मुले तापाने पडली. अंगावर लाल पुरळ येणारा हा ताप मुलांना फार वाईट. अबिगेलबाईंनी जाऊन त्या मुलांची शुश्रूषा केली, आणि तो ताप त्यांच्या घरीही आला. लिझी व मे दोघी आजारी पडल्या. मे बरी झाली. लिझी उठली, पण पहिल्यासारखी कधी झाली नाही. दिवसेंदिवस ती खंगत गेली. आईने तिला हवापालटासाठी समुद्रकाठी नेले, त्याचाही उपयोग झाला नाही. १८५७ साली सारेजण मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड गावी परतले. त्या हिवाळ्यात रात्री जागून लिझीची सेवा करण्याचे काम लुइसाने आपल्याकडे घेतले. शेवटी शेवटी हातातली सुईसुद्धा लिझीला जड वाटू लागली आणि तिने शिवण खाली ठेवले. १४ मार्च १८५८ रोजी ती गेली. वय अवघे बावीस. लुइसा तेव्हा पंचवीस वर्षांची होती.

लिझीला अखेरचे नेणाऱ्यांत थोर लेखक एमर्सन होते आणि थोरोही होते, ज्यांचा कायदेभंगावरील निबंध पुढे गांधीजींनी वाचला. एवढी मोठी माणसे दाराशी आली, तरी घरातली रिकामी खाट भरत नाही. त्याच वसंतात थोरल्या ॲनाचे लग्न ठरले. सारे आनंदले, पण लुइसाला वाटले की आपली दुसरी बहीणही गेली. हे तिने आपल्या रोजनिशीत मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ज्या घराची दुरुस्ती लिझीच्या हयातीत चालली होती, त्या ‘ऑर्चर्ड हाउस’मध्ये कुटुंब जुलै १८५८ मध्ये राहावयास गेले, पण लिझीवाचून.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. डिसेंबर १८६२ मध्ये लुइसा जखमी सैनिकांची सेवा करण्यासाठी वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउन येथील इस्पितळात परिचारिका झाली. सहा आठवड्यांतच तिला विषमज्वर झाला. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे पाऱ्याचे औषध दिले गेले. जीव वाचला, पण प्रकृती कायमची बिघडली. लांबसडक केस कापावे लागले. या अनुभवावरचे तिचे पुस्तक १८६३ साली निघाले आणि तिचे नाव लोकांना कळू लागले.

१८६८ साली थॉमस नाइल्स या प्रकाशकाने तिला मुलींसाठी गोष्ट लिहायला सांगितले. तिला ते काम आवडले नव्हते. आपल्या बहिणींखेरीज आपल्याला मुलींची फारशी माहितीच नाही, असे तिचे म्हणणे. शेवटी तिने त्या बहिणीच कागदावर उतरविल्या. ॲनाची मेग झाली, मेची अक्षरे उलटसुलट करून एमी झाली, आणि स्वतः लुइसा ज्यो झाली. लिझीचे मात्र वेगळे. एलिझाबेथ या नावाचेच दुसरे लाडके रूप बेथ, तेवढाच बदल तिने केला. वडिलांनी तिच्यासाठी केलेल्या खिडकीजवळच्या लहानशा मेजावर, ऑर्चर्ड हाउसमध्येच, हे लेखन झाले. १८६८ च्या शरद ऋतूत पहिला भाग निघाला आणि पहिल्या दोन हजार प्रती हां हां म्हणता खपल्या.

भगिनींनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या भागात बेथला तोच ताप येतो, तोही गरीब शेजाऱ्यांच्या आजारी बाळाला सांभाळताना, पण ती त्यातून उठते. पुस्तक तेथे गोड झाले होते. मुली पत्रे लिहून विचारीत होत्या, कोणाचे लग्न कोणाशी लावणार म्हणून. दुसऱ्या भागात बेथला चांगली धडधाकट करणे लुइसाच्या हाती होते. कोणी तिला बोल लावला नसता. परंतु नोव्हेंबर १८६८ मध्ये ती लिहावयास बसली आणि नववर्षाच्या दिवशी भाग पुरा झाला, तेव्हा बेथ गेलेली होती. लिझीला जाऊन दहा वर्षे उलटल्यावर तिला हे लिहिता आले.

आणि तिने ते कसे लिहिले? मरताना बेथ काही मोठे उपदेशाचे शब्द बोलत नाही. पहाटे आईच्या कुशीत तिचा श्वास हळूच थांबतो, एवढेच. खऱ्या लिझीचे दुखणे याहून पुष्कळ कठीण होते. मुलांच्या मनाला सोसेल इतके लुइसाने ठेवले आणि बाकीचे आपल्यापाशी राखले. खरी किमया आहे ती पुढच्या भागात, मागे राहिलेल्या ज्योच्या गोष्टीत. बेथ असताना ज्योने तिला वचन दिलेले असते की आईबाबांना मी सांभाळीन. बेथ गेल्यावर ते वचन तिला डोंगराएवढे वाटते. घर ओके ओके दिसते, काम नकोसे होते, माझ्याच वाट्याला हे का म्हणून ती मनात चिडते. रात्री झोपेतून जागी होऊन ती बहिणीसाठी रडते, आणि आईबाप तिला जवळ घेतात. मग हळूहळू बेथचीच केरसुणी, बेथचेच भांडी पुसायचे फडके तिच्या हातात येते, आणि काम करता करता बेथच्याच चाली ती गुणगुणू लागते. पुढे आईच्या सांगण्यावरून ती पुन्हा लिहावयास बसते. दुःख सरत नाही, पण ते हाताशी घेऊन जगता येते, हे ज्योला असे केरसुणी धरल्यावर कळते.

हे वाचताना माझे मन भरून आले त्याला कारण आहे. मी आठ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ तापाने गेला. घरी माणसे आली, त्यांनी आईला धीर दिला, वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. आम्हां मुलांना मावशीकडे पाठविले. परत आलो तेव्हा त्याची पाटी, त्याचा चेंडू, सारे आवरून ठेवलेले होते. वडील माणसांनी मायेपोटीच तसे केले, आम्ही विसरावे म्हणून. पण त्याचे नाव घरात कोणी घेईना, आणि मलाही घेता येईना. लग्न होऊन येथे आल्यावर मंडळाच्या वाचनालयातून हे पुस्तक मी नेले, आणि बहिणीसाठी रागावणारी, रडणारी ज्यो भेटली. माझ्या मनात तेव्हा जे झाले होते त्याला वेडेपणा म्हणत नाहीत, हे मला त्या पानांनी सांगितले. त्यानंतर मी आईपाशी भावाचा विषय काढला. दोघी खूप रडलो, आणि त्या दिवसापासून त्याचे नाव आमच्या बोलण्यात परत आले.

लुइसाच्या वाट्याला पुढेही असे प्रसंग आले. ती रोममध्ये असताना, १८७० च्या अखेरीस, ॲनाचे यजमान वारल्याची बातमी आली. बहिणीची दोन मुले पोरकी झाली. त्यांची सोय व्हावी म्हणून तिने लागलीच ‘लिटल मेन’ लिहावयास घेतले, आणि त्यातही मुलांच्या लाडक्या वडीलधाऱ्याचे मरण मुलांपासून लपविले नाही. १८७७ साली आई गेली. तिला सुखात ठेवण्याचा शब्द लुइसाने तोवर पाळला होता, घराचे कर्जही फेडले होते.

धाकटी मे चित्रकार होती. लुइसाच्या पैशावर ती युरोपात शिकली, तिकडेच १८७८ साली तिचे लग्न झाले. ८ नोव्हेंबर १८७९ रोजी पॅरिसमध्ये तिला मुलगी झाली. मावशीचेच नाव तिला ठेवले, लाडाने लुलू म्हणत. पण सात आठवड्यांतच, २९ डिसेंबर रोजी, मे वारली. तार एमर्सन यांच्याकडे आली, लुइसाला कोणीतरी सांभाळून सांगावे म्हणून. ती खाली आली तेव्हा ते वृद्ध गृहस्थ हातात कागद धरून मेच्या तसबिरीकडे पाहत उभे होते. १८८० साली लहानगी लुलू समुद्र ओलांडून मावशीच्या हवाली झाली. सत्तेचाळीस वर्षांच्या, आजारी, अविवाहित लुइसाने तिला आईच्या मायेने वाढविले.

१८८६ साली या मालिकेतले शेवटचे पुस्तक ‘जोज बॉइज’ निघाले. त्यात एमी फारशी दिसत नाही. प्रस्तावनेत लुइसाने त्याचा खुलासा केला आहे की, जिच्यावरून एमी लिहिली ती हसायला व सुचवायला आता नाही, म्हणून तिच्याविषयी लिहिणे मला जमत नाही. आणि आईचेही तसेच. पाहा, लिझीविषयी लिहिण्यास तिला दहा वर्षे लागली, आणि मेविषयी सात वर्षांनीही तिची लेखणी अडली. एवढी नामवंत लेखिका, पण तिने आपल्या दुःखाला घाई केली नाही.

४ मार्च १८८८ रोजी तिचे वडील वारले. दोनच दिवसांनी, ६ मार्च रोजी, लुइसाही गेली. वय पंचावन्न. कॉन्कॉर्डच्या स्लीपी हॉलो स्मशानभूमीत ती लिझीजवळ विसावली आहे. लुलूला पुढच्या वर्षी तिच्या वडिलांकडे स्वित्झर्लंडला पाठविण्यात आले. ऑर्चर्ड हाउस १९१२ पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

आपल्या बालवाचनाच्या कपाटात हे पुस्तक असावे की नसावे, अशी चर्चा मध्यंतरी निघाली होती. कोवळ्या वयात मरणाचे कशाला वाचायला द्यावे, असे काही भगिनींचे मत पडले. त्यांची माया मला कळते. पण मरण घरात यायचे असले म्हणजे मुलांचे वय विचारीत नाही. ज्या मुलाचे भावंड गेले, त्याला ते पुस्तकात भेटण्याआधीच घरात भेटलेले असते. त्याला हवे असते ते एवढेच, की याविषयी बोलता येते, रडता येते, आणि गेलेल्याचे नाव घेता येते. लुइसाने आपली लिझी जगातल्या मुलींना त्यासाठी दिली. तेव्हा कपाटातले हे पुस्तक जागेवर असू द्यावे. आणि शेजारच्या घरी असा प्रसंग आला, तर आईच्या पाठीवर हात ठेवल्यानंतर कोपऱ्यात उभ्या असलेल्या पोरालाही जवळ घ्यावे, त्याच्या भावाचे किंवा बहिणीचे नाव घेऊन त्याच्याशी बोलावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.