रिंगणातले शास्त्र : सर्कसकार विष्णुपंत छत्रे

गेल्या उन्हाळ्यात जोयड्यास नातलगांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. जोयडा म्हणजे पूर्वीचा सुपे तालुका. काळी नदीवरील धरणाच्या पाण्यात जुने सुपे गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या घरचा नऊ वर्षांचा मुलगा पाठीला टॉवेल बांधून ओसरीच्या कठड्यावरून अंगणात उड्या घेत होता. दोन उड्यांच्या मधल्या वेळात सुपरमॅनचे चित्रमय पुस्तक वाचणे चालले होते. उडी मारून हात मोडशील, असे म्हणताच तो मजवरच उलटला. हे सारे शास्त्रात बसते, पुस्तकातच तसे लिहिले आहे, असे त्याचे म्हणणे.

मुलाचे बोलणे अगदीच हवेतले नव्हते. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या दोन तरुणांचा हा अतिमानव अमेरिकेत छापून आला, तेव्हा पहिल्याच कथेत त्यांनी एक शास्त्रीय खुलासा जोडून दिला होता. मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझे उचलते, टोळ आपल्या देहाच्या मानाने प्रचंड उडी घेतो. मग परग्रहावरचा माणूस तसे का करणार नाही? खुलासा मोठा सफाईदार, पण लंगडा आहे. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले होते. प्राणी लांबीने दसपट केला तर त्याचे वजन हजारपट होते, पण स्नायूंच्या आणि हाडांच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. मुंगी माणसाएवढी केलीत तर ओझे राहो, स्वतःचा देह पेलणेही तिला जड जाईल.

चित्रातल्या अतिमानवाचा तो घट्ट पोषाख आणि वरून घातलेली चड्डी मात्र त्याच्या ग्रहावरची नव्हे. ती सर्कशीतल्या पहिलवानांकडून आली. सर्कशीचे नाव निघाले, आणि मी त्या मुलाला आपल्या मुलखातल्या एका खऱ्या माणसाची गोष्ट सांगावयास बसलो.

विष्णुपंत मोरेश्वर छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. जन्म १८४० च्या सुमाराचा. लहानपणापासून त्यांना दोन वेडे होती, एक जनावरांचे आणि दुसरे गाण्याचे. पटवर्धनी संस्थानांत वाढलेल्या ब्राह्मणाच्या मुलाने दप्तरात कारकुनी करावी ही त्या काळची रीत. ती सोडून विष्णुपंतांनी ग्वाल्हेर गाठली. तेथे बाबासाहेब आपटे ह्यांजकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँसाहेबांकडे गाणे, अशा दोन्ही तालमी त्यांनी केल्या. पुढे कुरुंदवाडच्या संस्थानिकांपदरी ते घोड्यांचे शिक्षक म्हणून राहिले.

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे कियारिनी हा इटालियन सर्कसवाला मुंबईस आला. त्याचे खेळ पाहून विष्णुपंत इरेस पेटले. कियारिनीने हिंदी माणसाला असले खेळ साधावयाचे नाहीत असे म्हणून पैज लावली, ही आख्यायिका नाना तऱ्हांनी सांगतात. आख्यायिका बाजूस ठेवली तरी २० मार्च १८८० ही तारीख उरतेच. त्या दिवशी कुरुंदवाडास राजेसाहेबांसमोर छत्र्यांच्या सर्कशीचा पहिला खेळ झाला. पोटापाण्याची नोकरी आणि संस्थानातला मान, दोन्ही पणाला लावून चाळिशीच्या घरातल्या गृहस्थाने हा डाव मांडला होता.

आता त्या खेळातल्या शास्त्राकडे वळू. धावत्या घोड्याच्या पाठीवर माणूस उभा राहतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्या धैर्याला टाळ्या देतात. त्यांतल्या अर्ध्या टाळ्या रिंगणाला द्यावयास हव्यात. १७६८ च्या सुमारास लंडनमध्ये फिलिप ॲस्टले ह्या स्वाराने घोडा सरळ रेषेत न पळविता वर्तुळात पळविला, आणि तोल सांभाळणे सोपे जाते असे त्याला आढळले. पुढे ४२ फूट व्यासाचे रिंगण कायम झाले, ते आजही जगभर चालते. घोडा त्या रिंगणाच्या काठापासून थोडा आत, म्हणजे केंद्रापासून सुमारे साडेपाच मीटरांवर, ताशी १८ किलोमीटर वेगाने धावतो असे धरा. त्या वेगाला स्वाराने आणि घोड्याने केंद्राकडे सुमारे २५ अंश कलले पाहिजे. इतके कलले की वजन आणि बाहेर फेकू पाहणारा जोर ह्यांची बेरीज नेमकी पायांतून घोड्याच्या पाठीत उतरते. स्वाराचे पाय जणू पाठीला चिकटतात.

खरी गंमत उडीची आहे. पाठीवरून स्वार अर्धा मीटरभर वर उसळला, तर सुमारे सहा दशांश सेकंद तो अधांतरी असतो. तेवढ्यात घोडा तीन मीटर पुढे जातो. स्वारही जातो, कारण घोड्याचा वेग त्याच्या अंगात असतोच. घोडा खालून निसटेल ही आपली भीती खोटी. पण घोडा वळतो आणि हवेतला माणूस सरळ जातो. सरळ वर उडणारा स्वार अशा वेळी घोड्याच्या बाहेर सुमारे ८० सेंटिमीटरांवर, म्हणजे थेट मातीत, उतरेल. कसबी स्वार मात्र कललेल्या अंगाच्याच रेषेत उसळतो. त्या कलण्यामुळे त्याला केंद्राकडे जो धक्का मिळतो, तो हिशेबाने बरोबर तेवढेच ८० सेंटिमीटर भरून काढतो. विष्णुपंतांनी हा हिशेब कागदावर मांडला असेल असे मला वाटत नाही. त्यांच्या पायांना तो पाठ होता.

चित्रकथाकारांना ही गोष्ट पुष्कळ उशिरा उमगली. १९७३ साली स्पायडरमॅनच्या कथेत उंचावरून पडणारी त्याची प्रेयसी त्याच्या जाळ्याच्या दोरीने एकदम अडविली जाते, आणि त्या झटक्यानेच मरते. पुढे जेम्स काकालिओस ह्या अमेरिकन प्राध्यापकांनी ह्या प्रसंगाचे गणित विद्यार्थ्यांना समजावून दिले. झुल्याखालची जाळी दहा मीटरांवरून पडलेल्याला सावकाश दीड मीटरभर खाली घेते, तेव्हा त्याच्या अंगावर वजनाच्या सात-आठ पट जोर येतो. तोच माणूस कठीण जमिनीवर पाच सेंटिमीटरांत थांबला तर दोनशे पट येईल. सर्कशीच्या माणसाला हे गणित शिकवावे लागत नाही.

छत्र्यांची सर्कस हिंदुस्थानभर फिरली, सिंहलद्वीपास गेली, पूर्वेकडल्या देशांत गेली. अमेरिकेचाही प्रयत्न झाला, पण तेथल्या अवाढव्य सर्कशींपुढे निभाव लागला नाही. तेल्लीचेरीस कीलेरी कुन्हिकण्णन ह्या कसरतीच्या शिक्षकाशी त्यांचा परिचय झाला, त्यातून केरळात सर्कशीचे खेळाडू घडविण्याची परंपरा उभी राहिली. इकडे म्हैसाळची देवलांची सर्कस निघाली. एका कुरुंदवाडच्या मैदानातून एवढे सगळे.

माझ्या मते मात्र विष्णुपंतांचे सर्वांत मोठे काम तंबूबाहेरचे. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ, ज्यांना पुढे लोकांनी भूगंधर्व म्हटले, काशीस भ्रमिष्टावस्थेत भटकत होते. गुरुपुत्राला विष्णुपंतांनी शोधून आपल्याबरोबर आणले, सर्कशीच्या मुक्कामामुक्कामाला नेले आणि सांभाळले. ज्या तंबूत वाघ-सिंहांची डरकाळी ऐकावी, त्याच तंबूच्या आसऱ्याने ग्वाल्हेरचे गाणे गावोगाव पोहोचले. विष्णुपंत १९०५ साली वारले. त्यानंतर त्यांचे बंधू काशिनाथपंत ह्यांनी खाँसाहेबांची काळजी वाहिली. खाँसाहेब १९२२ साली कुरुंदवाडासच गेले.

गोष्ट संपली तेव्हा त्या मुलाने टॉवेल सोडला होता. गोठ्यातला कासरा आणून त्याने २१ फूट मोजले, एक टोक मला धरावयास लावले आणि अंगणात रिंगण आखू लागला. तुळशीवृंदावन मध्ये आले.