सुभेदार रामजींची पेन्शन आणि ध्वजदिनाचा निधी

सुभेदार रामजी सकपाळ म्हटले की बाबासाहेबांचे पिताश्री आठवतात. ते माजी सैनिक होते आणि ते घर पेन्शनच्या आधाराने उभे राहिले, याचा विचार आपण फारसा करीत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे रामजींचे मूळ गाव. वडील मालोजी पलटणीत होते, सासरे मुरबाडकर सुभेदार. रामजी भरती झाले, शिकले, लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले आणि सुभेदारपदापर्यंत पोहोचले. छावणीत सैनिकांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. गावाने शाळेबाहेर ठेवलेला समाज पलटणीत लिहायला-वाचायला शिकला.

तरी या घराने मृत्यू फार पाहिले. रामजी आणि भीमाबाईंना चौदा अपत्ये झाली, जगली पाच. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव चौदावे. ते लहान असतानाच रामजी निवृत्त झाले. कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. तेथे १८९६ च्या सुमारास भीमाबाई वारल्या. पेन्शन महिना ५० रुपये. भीमरावांच्या पुस्तकांसाठी रामजी विवाहित मुलींचे दागिने गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून देत.

याच काळात, १८९२ च्या सुमारास, इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. भरती गेली म्हणजे पगार, शाळा आणि म्हातारपणची पेन्शन, सारेच गेले. रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेऊन सरकारकडे दाद मागितली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांमुळे.

आज पेन्शनर सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. पण ज्याला पेन्शनच नाही, त्याने आजारपणात कोठे जावे? १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन निधी जमतो. पेन्शन नसलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना त्यातून औषधोपचारासाठी मदत मिळू शकते. परभणीत त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. परंतु खेड्यातल्या विधवेला हे सांगणार कोण?

६ डिसेंबरला आपण महामानवाला अभिवादन करतो. दुसराच दिवस ध्वजदिनाचा. त्या दिवशी यथाशक्ती दान द्यावे. जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, पाथरीच्या विहारांनी आपापल्या भागातील अशा सैनिकांची व विधवांची यादी करावी. आम्हा वकिलांनी त्यांचे अर्ज विनामूल्य भरून द्यावेत.

मात्र दान हे हक्काच्या जागी बसू शकत नाही. चार वर्षांनी घरी परतणाऱ्या अग्निवीराला पेन्शन नाही. रामजींनी ज्यासाठी अर्ज केला, तो प्रश्न वेगळ्या रूपाने पुन्हा दारात उभा आहे. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी डब्यात पैसे टाकावेत आणि सरकारकडे अर्जही करावा.

जय भीम!