सत्तावीस शेळ्या

अच्छाडला, गुजरातच्या वेशीवर, आमचा पाडा. मी सात वर्षांची झाले तेव्हा शाळेत माझं नाव होतं, पण दिवस जायचा शेळ्यांमागे. कधी शाळेत गेलेच तर मागच्या भिंतीला टेकून बसायची. घरी आम्ही वारली बोलायचो; पुस्तकातली मराठी परकी वाटायची. गुरुजींनी काही विचारलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आपल्याला डोकंच नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरच्यांनाही ते पटलं होतं.

अशात कोसबाडला शिकून आलेल्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्या शाळेत वाट पाहत बसल्या नाहीत, सरळ माळावर आल्या. शेळ्या किती, असं त्यांनी विचारलं. मी लगेच सांगितलं : आमच्या नऊ, शेजाऱ्यांच्या अकरा, काकाच्या सात, पण आज शेजाऱ्यांची एक दिसत नाही. शोधलं, तर ती करवंदीच्या जाळीत अडकलेली. मग बाईंनी चिंचोके मांडायला लावले. दहा-दहाचे दोन ढीग आणि वर सात. तेच त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. सत्तावीस! मला हिशेब येत होता, फक्त तो लिहितात कसा हे ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी आले ती मान वर करून.

बाईंना ही रीत कुणी शिकवली, हे पुढे मी स्वतः शिक्षिका झाल्यावर कळलं. त्या अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळी अशा मुलीचं आयुष्य माजघराच्या अंधारात संपायचं. अनुताई मात्र शिकल्या. १९२९ मध्ये पुण्यात शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करून नाशिक जिल्ह्यात चांदवडकडे त्यांनी खेड्यांत शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागेत. दिवसा शिकवायचं आणि रात्रशाळेत शिकायचं, असं करत मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या तेव्हा पन्नाशी उलटली होती!

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई त्यांच्याबरोबर आल्या त्या कायमच्या. शहरी बालवाडी इथं चालेना, कारण मुलं येतच नव्हती. मग दोघींनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. शंख-शिंपले, बिया, पानं हीच तिथली साधनं. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं चरताहेत आणि शेजारी धडे चालले आहेत. १९७५ मध्ये सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम थांबवलं नाही. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या.

मी त्यांना कधी भेटले नाही. तरी वाटतं, तेराव्या वर्षी जिचं सगळं संपलं असं लोकांनी धरलं होतं, तिलाच माळावरच्या पोराचं काहीच संपलेलं नाही हे दिसू शकलं. तिनं मुलाला काय येत नाही ते आधी विचारलं नाही; काय येतं ते शोधलं.

मी आता निवृत्त आहे. सुटीत नातू येतो, गणिताला घाबरतो. परवा त्याला अंगणात बसवलं आणि पुढ्यात मूठभर चिंचोके ओतले. आधी तो रुसला. मग हळूच मोजू लागला.