संविधान सभेत शेवटपर्यंत बोलले, पण सही केली नाही : मौलाना हसरत मोहानी

२४ जानेवारी १९५०. दिल्लीत संविधान सभेची शेवटची बैठक भरली होती. सदस्य एकेक करून पुढे येत होते आणि राज्यघटनेच्या प्रतींवर सह्या करत होते. देशाच्या इतिहासातला हा मोठा दिवस. मात्र या सह्यांमध्ये एक नाव सापडत नाही. ते नाव आहे मौलाना हसरत मोहानी यांचं.

हसरत म्हटलं की अनेकांना गुलाम अलींनी गायलेली त्यांची गझल आठवते. इन्किलाब जिंदाबाद ही घोषणाही त्यांच्याच नावावर सांगितली जाते. पण स्वतंत्र भारताची राज्यव्यवस्था ठरत असताना हा शायर त्या सभागृहात बसून काय मागत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

टिळकांना मानणारा अलीगढचा पदवीधर

त्यांचं मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यातलं मोहान हे त्यांचं गाव, म्हणून ते मोहानी. हसरत हे त्यांचं शायरीतलं नाव. १९०३ मध्ये अलीगढमधून पदवी घेतल्यावर सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र उर्दू-ए-मुअल्ला नावाचं मासिक काढलं.

राजकारणात ते लोकमान्य टिळकांना गुरू मानत. १९०७ मध्ये सुरत काँग्रेसमध्ये फूट पडली तेव्हा हसरत टिळकांच्या बाजूने बाहेर पडले. पुढच्याच वर्षी त्यांच्या मासिकात इजिप्तमधल्या ब्रिटिश धोरणावर टीका करणारा एक लेख आला. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं. सरकारने विचारलं तेव्हा त्यांनी लेखकाचं नाव सांगायला नकार दिला आणि सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यासाठी तुरुंगात जाऊन चक्की पिसली. मागे घर सांभाळायला आणि लढायला पत्नी निशातुन्निसा बेगम खंबीरपणे उभ्या राहिल्या.

डिसेंबर १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी त्याला विरोध केला आणि ठराव पडला. त्याच दिवसांत तिथेच मुस्लिम लीगचं अधिवेशन झालं. त्याच्या अध्यक्षपदावरून केलेल्या भाषणामुळे त्यांच्यावर खटला भरला गेला. त्या शिक्षेतला काही काळ त्यांनी आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात काढला.

जी मागणी १९२१ मध्ये फेटाळली गेली, तीच १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने स्वीकारली. २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला गेला. त्याचीच आठवण म्हणून पुढे राज्यघटना लागू करण्यासाठी २६ जानेवारी हीच तारीख निवडली गेली.

सभेलाच विचारलेला प्रश्न

१९४६ मध्ये हसरत मुस्लिम लीगकडून संयुक्त प्रांतातून संविधान सभेवर निवडून आले. फाळणी झाली, लीगचे अनेक नेते पाकिस्तानात गेले. हसरत गेले नाहीत. ते सभागृहात बसले आणि बोलत राहिले.

त्यांचा पहिला मोठा आक्षेप समजून घ्यायचा तर संविधान सभा कशी बनली ते पाहावं लागेल. सभेचे सदस्य थेट जनतेने निवडलेले नव्हते. प्रांतांतल्या आमदारांनी त्यांना निवडलं होतं, आणि संस्थानांचे प्रतिनिधी वेगळ्या पद्धतीने आले होते. ते आमदार तरी कोणी निवडले? कर, मालमत्ता, शिक्षण अशा अटी पूर्ण करणाऱ्या मोजक्या लोकांनी. शिवाय मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे होते. मुसलमानांनी मुसलमानालाच निवडायचं, अशी ती पद्धत.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर घटनेचा मसुदा सभेपुढे मांडणार होते. त्याआधीच हसरत उठले. संयुक्त मतदारसंघांतून नवी सभा निवडा, धर्मावर नव्हे तर राजकीय विचारांवर पक्ष उभे राहू द्या, आणि तोपर्यंत या मसुद्याची चर्चा थांबवा, अशी त्यांची मागणी होती. लीगच्या तिकिटावर, वेगळ्या मतदारसंघातून आलेला माणूस त्याच पद्धतीला आव्हान देत होता! मुसलमानांनी स्वतःला कायमचं अल्पसंख्याक समजून कोपऱ्यात बसावं, हे त्यांना मान्य नव्हतं. पक्ष विचारांवर बनले तर बहुमत आज एकाचं, उद्या दुसऱ्याचं असेल आणि त्यात मुसलमानही असतील, असा त्यांचा हिशोब होता.

सभेने ती मागणी मान्य केली नाही. सभेपुढेही अडचण होतीच. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, संस्थानांचं विलीनीकरण चालू होतं आणि प्रौढ मतदारांच्या याद्या तयार व्हायच्या होत्या. नवी निवडणूक घेऊन पुन्हा सुरुवात करायची तर घटना आणखी लांबली असती. दोन्ही बाजूंत तथ्य होतं.

हरले, पण बहिष्कार टाकला नाही

पुढचं वर्षभर हसरत मसुद्यावर दुरुस्त्या सुचवत राहिले. मे १९४९ मध्ये भारताने राष्ट्रकुलात राहण्याचा विषय आला तेव्हा त्यांनी विरोध केला. ब्रिटनशी असा कोणताही धागा ठेवणं त्यांना १९२१ च्या मागणीला सोडल्यासारखं वाटत होतं.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी प्रास्ताविकेवर चर्चा झाली. तिथेही त्यांनी वेगळा नकाशा मांडला. भारत हे समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा, घटक राज्यांना खरी सत्ता मिळावी, सगळा अधिकार दिल्लीत एकवटू नये. ही मागणी अचानक आलेली नव्हती. १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची परिषद भरली तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष हेच मौलाना होते. पाच वेळच्या नमाजी आणि अनेकदा हज केलेल्या या माणसाला दीन आणि कष्टकऱ्यांचा हक्क यांत विरोध दिसत नव्हता. प्रास्ताविकेवरच्या त्यांच्या सूचनाही नामंजूर झाल्या.

ही हार एकट्या त्यांची नव्हती. घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. २ वर्षं, ११ महिने आणि १८ दिवस हे काम चाललं. राज्यघटना म्हणजे वरून उतरलेला एकमुखी हुकूम नव्हता. वाद, मतदान आणि तडजोड यांतून ती बनली. त्यात हरणाऱ्यांचं म्हणणंही अधिकृत कामकाजात शब्दशः नोंदवलं गेलं.

राहणी मात्र तशीच साधी होती. सभेसाठी दिल्लीत आले की हसरत सरकारी बंगल्याऐवजी मशिदीत मुक्काम करत. रेल्वेचा प्रवास तिसऱ्या वर्गाने. सदस्य म्हणून मिळणारा भत्ताही त्यांनी घेतला नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

नकाराचा अर्थ

सही न करणं म्हणजे देशाला नाकारणं नव्हतं. ज्याला देश नाकारायचा होता त्याला १९४७ मध्ये रस्ता मोकळा होता. हसरत यांनी याच मातीत राहून, सभागृहाचे नियम पाळून, प्रत्येक वेळी उभं राहून आपलं मत नोंदवलं. न लिहिलेल्या लेखाची जबाबदारी ज्याने घेतली होती, तो माणूस न पटलेल्या मसुद्यावर सही करणार नव्हता. त्यासाठी त्यांना कोणी शिक्षा केली नाही, हे त्या सभेचंही मोठेपण म्हणावं लागेल.

त्यांच्या सगळ्याच मागण्या वाया गेल्या असंही नाही. नव्या घटनेत वेगळे मतदारसंघ संपले आणि प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळालं. धनगर असो की जमीनदार, हिंदू असो की मुसलमान, सगळे एकाच यादीत आले.

१३ मे १९५१ रोजी लखनौमध्ये मौलानांचा इंतकाल झाला. त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान सुरू झालं. संयुक्त मतदारसंघांतून, सगळ्यांच्या मताने निवडलेलं सभागृह त्यांना हवं होतं. ते अस्तित्वात आलं, पण पाहायला मौलाना नव्हते. आज घरात कोणी नवा मतदार यादीत नाव घालत असेल, तर त्याला या सही न करणाऱ्या सदस्याची गोष्ट जरूर सांगावी.