तोल सावरायला शिकवणारे डॉ. फ्रेंकेल
हाइनरिश फ्रेंकेल यांचा जन्म १८६० मध्ये झाला. ते स्वित्झर्लंडमधल्या हायडन इथे काम करत. सिफिलिसमुळे हालचालींवरचा ताबा गेलेल्या त्यांच्या एका रुग्णाला नाकाला नीट बोट लावता येत नव्हते. काही महिन्यांनी तो आला, तेव्हा घरच्या सरावाने ते जमले होते!

यातूनच नजर ठेवून, सावकाश, मोजून करायचे ‘फ्रेंकेल व्यायाम’ तयार झाले. १९३१ मध्ये ते वारले.

आज फ्रिडरिक अटॅक्सियासारख्या आनुवंशिक आजारांतही हे व्यायाम वापरतात. आजार बरा होत नाही, पण सरावाने चालणे सुधारू शकते. बीडमधल्या एखाद्या बाईला त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवल्यावर घरातल्या शहाबादी फरशीची रेघही पुरते. मात्र आधाराला शेजारी माणूस हवाच.