न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

आपले विचार बोलून दाखवावेत, सभा भरवावी, संस्था स्थापन करावी, हे हक्क आज आपल्याला संविधानाने दिले आहेत. हे संविधान २६ जानेवारी १९५० पासून अमलात आले. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी मुंबईत एक मुलगा लहानाचा मोठा होत होता. त्याच्याजवळ यांपैकी कोणताही हक्क नव्हता. तो नागरिक नव्हता, इंग्रज सरकारची रयत होता. सरकार ज्या कायद्याने चालते तो कायदा नीट शिकायचा आणि त्याच कायद्याच्या आधाराने आपल्या लोकांचे हक्क मागायचे, असे त्याने पुढे ठरवले. त्या मुलाचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मुल्ला तय्यब अली हे सुलेमानी बोहरा जमातीतले व्यापारी होते. मुस्लिम समाजात इंग्रजी शिक्षणाविषयी तेव्हा फार नाराजी होती. शिक्षण घेतले तर मुले धर्मापासून दूर जातील, अशी लोकांना भीती वाटे. मुल्ला तय्यब अली स्वतः धार्मिक वृत्तीचे होते, तरी त्यांनी आपल्या सर्व मुलांना युरोपात पाठवले. थोरले बंधू कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

बद्रुद्दीन यांनी प्रथम मदरशात उर्दू आणि फारसी शिकून घेतली आणि मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्रवेश घेतला. १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे कायद्याचा अभ्यास चालू असताना त्यांचे डोळे बिघडले. अभ्यास अर्धवट टाकून १८६४ मध्ये त्यांना मुंबईला परतावे लागले. डोळ्यांनी दिसेनासे होण्याची भीती असताना पुस्तकांचे ढीग वाचायचे म्हणजे काय, याची कल्पना करा! पण वर्षभरात ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊनच परत आले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होत. डोळ्यांच्या दुखण्याने मात्र त्यांची पाठ कधी सोडली नाही.

वकिलीत जम बसल्यावर त्यांनी सार्वजनिक कामाला हात घातला. मुंबई शहराचा कारभार तेव्हा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती होता. कर लोकांनी भरायचा आणि खर्च अधिकाऱ्यांनी करायचा, अशी रीत होती. याविरुद्ध शहरात चळवळ झाली आणि १८७२ मध्ये नवा कायदा आला. महापालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे सभासद कर भरणाऱ्यांनी निवडून द्यावेत, असे त्या कायद्याने ठरले. मतदार थोडेच होते, गरिबांना मत नव्हते, तरीही एवढ्या मोठ्या शहराच्या तिजोरीचा हिशेब निवडून आलेल्या माणसांना विचारता येऊ लागला. १८७३ मध्ये बद्रुद्दीन महापालिकेवर निवडून आले.

पुढे १८८३ साली इल्बर्ट विधेयकाचे मोठे वादळ उठले. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही मोठी शहरे सोडली तर इतरत्र गोऱ्या आरोपीवरचा फौजदारी खटला भारतीय न्यायाधीशाला चालवता येत नसे. हा भेद काढून टाकावा, असे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने सुचवले. त्यावर देशभरातले गोरे लोक चिडले. मुंबईत विधेयकाच्या बाजूने टाउन हॉलमध्ये सभा झाली. तिच्यात फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी बोलले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. तिघेही कायदेपंडित आणि तिघेही जिवाभावाचे मित्र. शेवटी गोऱ्यांच्या दडपणाखाली सरकारने विधेयक फारच सौम्य केले. ही खरे तर हारच होती. पण संघटित लोकमतापुढे सरकार नमते, हे या प्रकरणात भारतीयांना चांगलेच दिसून आले. मग आपले लोकमत का संघटित करू नये? जानेवारी १८८५ मध्ये या तिघांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईतच भारतीय राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, पहिले अधिवेशन भरले.

या लोकांच्या मार्गाला मराठीत सनदशीर मार्ग म्हणतात. सनद हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. राज्यकर्त्याने लिहून दिलेला हक्काचा कागद म्हणजे सनद. अर्ज, सभा, ठराव, वर्तमानपत्रातील लेख आणि न्यायालय ही सनदशीर मार्गाची साधने होती. पुढच्या काळातील काही लोकांनी या मार्गाची थट्टा केली. परंतु सभेत उभे राहून सरकारला जाब विचारण्याची सवय देशाला या मार्गानेच लागली, हे विसरून चालणार नाही.

डिसेंबर १८८७ मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले. त्याचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी होते. काँग्रेसचे ते पहिले मुस्लिम अध्यक्ष. पहिल्या अधिवेशनात ७२ प्रतिनिधी होते आणि त्यांत मुसलमान फक्त दोन. मद्रासला ६०७ प्रतिनिधी आले आणि त्यांत ऐंशीहून अधिक मुसलमान होते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचेही प्रतिनिधी म्हणून आपण येथे आलो आहोत, असे बद्रुद्दीन यांनी भाषणात आवर्जून सांगितले. साऱ्या देशाच्या हिताच्या प्रश्नांवर मुसलमानांनी इतरांबरोबर काम का करू नये, याचे कारण आपल्याला दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

योगायोग असा, की मद्रासला अधिवेशन चालू असतानाच लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसच्या विरोधात भाषण केले. सर सय्यद म्हणजे अलीगढच्या कॉलेजचे संस्थापक. मुसलमानांमध्ये आधुनिक शिक्षण आणणारा एवढा मोठा माणूस दुसरा नव्हता. निवडणुका आल्या की संख्येने जास्त असलेल्यांचेच राज्य होईल आणि शिक्षणात मागे पडलेला मुसलमान आणखी मागे पडेल, अशी त्यांना भीती वाटत होती. ही भीती पोकळ नव्हती. लोकशाहीत बहुमताने निर्णय होतो. मग ज्यांची संख्या कमी त्यांचे काय, हा प्रश्न आजही जगभर विचारला जातो.

बद्रुद्दीन यांनी या प्रश्नाला पाठ दाखवली नाही. १८८८ मध्ये त्यांनी सर सय्यद यांना पत्र लिहिले. बाहेर राहून विरोध करण्यापेक्षा आत येऊन आपले म्हणणे मांडावे, जे नको असेल ते आतूनच अडवावे, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. पण नुसते पत्र लिहून ते थांबले नाहीत. हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींनी मिळून, एकमताने अथवा जवळजवळ एकमताने, एखाद्या विषयाला हरकत घेतली तर तो विषय सभेपुढे आणायचा नाही, असा नियम करण्याचा त्यांनी आग्रह धरला. अलाहाबादच्या चौथ्या अधिवेशनात हा नियम मान्य झाला. संख्येने कमी असलेल्यांना संरक्षण हवे, पण ते एकत्र बसून, नियम करून मिळवावे, हा विचार त्यामागे होता.

तरीही सर सय्यद यांचे मत बदलले नाही. मुसलमानांचा विरोध पाहून त्याच वर्षी खुद्द बद्रुद्दीन यांनी काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना कळवले, की अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत. ही सूचना कोणी मानली नाही. काहींना यात त्यांची कच खाल्लेली दिसते. मला मात्र तसे वाटत नाही. आपल्या विरुद्ध असलेले लोकमतही लोकमतच असते, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी काँग्रेस सोडली नाही. न्यायाधीश झाल्यानंतरही, १९०३ साली मुंबईत मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सच्या अध्यक्षपदावरून बोलताना, त्यांनी काँग्रेसविषयीचे आपले मत उघडपणे सांगितले.

त्याच भाषणात त्यांनी पडद्याच्या कडक रिवाजावरही टीका केली. श्रोत्यांतील अनेकांना ती आवडली नाही. पण बद्रुद्दीन यांनी आधी आपल्या घरात बदल केला होता. त्यांच्या मुली शाळेत गेल्या, आणि दोघी तर शिकण्यासाठी इंग्लंडपर्यंत गेल्या. अंजुमन-ए-इस्लामच्या कामातही ते पहिल्यापासून होते. तिची शाळा १८८० मध्ये सुरू झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर तिची दगडी इमारत आजही उभी आहे.

१८९५ मध्ये बद्रुद्दीन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. या पदावर आलेले ते पहिले मुसलमान. आणि दोनच वर्षांत त्यांच्यासमोर एक अवघड अर्ज आला.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. साथ रोखताना अधिकाऱ्यांनी केलेल्या जुलमामुळे लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. सरकार हादरले. 'केसरी'तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलैला त्यांना मुंबईत अटक करण्यात आली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयानेही नाकारला. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर ऑगस्टमध्ये बॅरिस्टर दिनशा दावर यांनी टिळकांच्या वतीने पुन्हा अर्ज केला. या वेळी समोर न्यायमूर्ती तय्यबजी होते.

टिळक आणि तय्यबजी यांची मते जुळणारी नव्हती. पुढे ज्यांना जहाल आणि मवाळ म्हणू लागले, त्या दोन गटांतले हे दोघे. शिवाय सारे गोरे अधिकारी या अर्जाकडे डोळे लावून बसले होते. तय्यबजींनी फक्त कायदा पाहिला. जामीन शिक्षा म्हणून नाकारायचा नसतो. आरोपी खटल्याला हजर राहील की नाही, एवढेच पाहायचे असते. टिळक पळून जाणारे नव्हते. तुरुंगात राहून त्यांना बचावाची तयारी कशी करता येणार? आणि महिनाभर कोंडून ठेवल्यावर ते निर्दोष ठरले, तर त्या अन्यायाची भरपाई कोण करणार? असा विचार करून त्यांनी जामीन मंजूर केला. टिळकांचा ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी २५,००० रुपयांचे दोन जामीनदार घेऊन त्यांना सोडण्यात आले. उर्दूत आपण ज्याला जमानत म्हणतो, त्याला मराठीत जामीन म्हणतात, आणि जामिन राहणाऱ्या माणसाला जामीनदार.

सप्टेंबरमध्ये खटला दुसऱ्या न्यायाधीशापुढे चालला. नऊ ज्यूरींपैकी सहा गोऱ्यांनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा भारतीयांनी निर्दोष. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तय्यबजींच्या आदेशाने टिळक शिक्षेतून वाचले नाहीत. पण आपला बचाव तयार करण्यासाठी त्यांना महिनाभर मोकळीक मिळाली.

१९०२ मध्ये तय्यबजींनी हंगामी मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. हे काम करणारे ते मुंबईतील पहिले भारतीय. १९०६ मध्ये डोळ्यांच्या उपचारासाठी ते रजा घेऊन इंग्लंडला गेले आणि १९ ऑगस्टला लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे पार्थिव मुंबईला आणून दफन करण्यात आले.

दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांना राजद्रोहासाठी पुन्हा अटक झाली. बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी त्यांच्या जामिनासाठी अर्ज केला आणि न्यायमूर्ती तय्यबजींनी १८९७ साली दिलेल्या निर्णयाचा आधार घेतला. न्यायासनावर तेव्हा दिनशा दावर होते. अकरा वर्षांपूर्वी टिळकांसाठी जामीन मागणारे तेच दावर आता न्यायमूर्ती झाले होते. त्यांनी अर्ज फेटाळला. पुढे खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला करण्यात आली.