पं. भातखंडे आणि लखनौचे दाते

कैसरबागेतील परीखान्यावरून जाताना तानपुऱ्याचा सूर कानी आला, की आम्हा लखनौकर मराठी मंडळींची पावले क्षणभर मंदावतात. तेथील विद्यामंदिराला एका मराठी माणसाचे नाव आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. व्यवसाय वकिलीचा, ओढा संगीताचा. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली कन्या निवर्तल्यावर त्यांनी वकिली सोडून उर्वरित आयुष्य संगीतास वाहिले. देशभर हिंडून त्यांनी जुने ग्रंथ पाहिले व उस्तादांकडून चिजा मिळवून स्वरलिपीत उतरविल्या.

संगीताला दात्यांची वाण नव्हती. राजेरजवाडे व तालुकदार गवयांना सढळ हाताने बिदागी देत. परंतु विद्या बहुधा घराण्याबाहेर पडत नसे. गवई गेला, की त्याच्या कित्येक चिजाही जात. भातखंड्यांनी या दानाचा ओघ बैठकीकडून पाठशाळेकडे वळविला. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. माधवराव शिंद्यांच्या साह्याने १९१८ साली ग्वाल्हेरास संगीत महाविद्यालय निघाले. लखनौस १९२४ साली परिषद झाली आणि दर्याबादचे राय उमानाथ बली व प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे महाविद्यालय स्थापन झाले. गव्हर्नर मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले.

विरोधही झाला. घराण्याची चीज ही उस्तादांची पुंजी. ती छापली तर पोटाचे काय? शिवाय गायकीचा जीव कागदावर उतरत नाही, हा आक्षेपही खोटा नव्हता. त्यास उत्तर एकच होते : ग्रंथाच्या जोडीला समर्थ गुरू. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी फैयाज खाँसाहेबांचीही तालीम घेतली होती. १९२८ पासून त्यांनी महाविद्यालयाची धुरा दीर्घकाळ वाहिली.

१९३३ साली पंडितजींना अर्धांगवायूचा झटका आला. १९ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९६६ साली संस्थेस त्यांचे नाव लाभले आणि आज ती विद्यापीठ झाली आहे.

परमुलखात राहणाऱ्या आपणा कुटुंबांची देणगी लहानच असणार. पण ती एका संध्याकाळच्या समारंभात सरावी, की पुढच्या पिढीच्या हाती काही ठेवून जावी, हा विचार आपल्याला करता येईल. पंडितजींचे स्मरण यापरते निराळे ते काय?